गोगलगाय, पोटात काय?

गोव्याला जाऊन आले. टॅन झाले नाही, टॅटू काढला नाही, बागा बीचवर पाऊलही टाकलं नाही. दोन दिवस पहाटे उठून खडकांवर उकिडवी बसले आणि गोगलगायी बघितल्या. हो, बरोबर वाचलंत. गोगलगायी.

कट्ट्यावर हा प्लॅन सांगितला तेव्हा आधी दोन मिनिटं शांतता आणि मग हसण्याचा स्फोट. ‘अगं, कोकणकन्येचं वेटिंग क्लिअर होतं आणि तू गोगलगायी बघणार?’ वगैरे. पण झालं असं, की माझी कॉलेजातली रूममेट गोव्यात सागरी जीवशास्त्रात पीएचडी करतेय. हॉस्टेलवर पालीला घाबरून खुर्चीवर चढणारी ही मुलगी आता समुद्रातले शंख फोडून त्यांच्या पोटात शिसं किती, पारा किती, कॅडमियम किती ते मोजते. ‘एकदा येच,’ ती गेली दोन वर्षं म्हणत होती. शिवाय वास्कोला माझा मामा राहतो. म्हणजे राहण्याखाण्याचा प्रश्न मिटला. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हा मुद्दा शेवटचा नसतो, पहिला असतो.

ट्रेनमध्ये रात्रभर एक म्हण डोक्यात घोळत होती. गोगलगाय आणि पोटात पाय. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून बेरकी असणाऱ्या माणसाला आपण असं म्हणतो. बिचारीची बदनामीच केलीय आपण. तिच्या पोटात आणखी काय काय असतं, ते कळल्यावर तर हे जास्तच पटलं.

पहाटे साडेपाच, दोना पावला

कार्तिकी पौर्णिमा होऊन एकच दिवस झाला होता. पश्चिमेला चंद्र अजून होता आणि त्याच्या उजेडात पाणी लांब मागे गेलेलं दिसत होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती-ओहोटी सगळ्यात मोठी असते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे खडकही उघडे पडतात. गोगलगायवाल्यांचं कॅलेंडर म्हणून तिथीवर चालतं. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. बॉसला सांगून बघा असं टाइमटेबल!

दोना पावला म्हणजे तुमच्या ओळखीची जागा. ‘एक दुजे के लिए’वाली जेट्टी. तिथून जवळच, १९६६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुख्यालय आहे. टुरिस्ट येतात, जेट्टीवर सेल्फी काढतात, टोप्या विकत घेतात आणि जातात. सगळ्यांची नजर लांब समुद्राकडे. पायाखालच्या खडकाकडे कोण बघतंय!

मैत्रिणीने हेडटॉर्च लावला आणि एका काळ्या खडकावर प्रकाश टाकला. मला खडक दिसला. ‘नीट बघ,’ ती म्हणाली. मग हळूहळू खडकाला लोक फुटायला लागले. वरच्या कोरड्या भागात वाटाण्याएवढ्या बारीक गोगलगायी. त्याच्या खाली सुपारीएवढ्या, गोलमटोल, काळसर, पट्टेवाल्या. या नेरिटा. दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, पूर्ण शाकाहारी. आणखी खाली, पांढऱ्या टोकदार बार्नॅकलच्या आणि कालवांच्या गर्दीत, खडबडीत गाठी असलेले शंख. ‘आणि या नॉनव्हेज,’ ती म्हणाली. या कालवाच्या किंवा बार्नॅकलच्या कवचाला भोक पाडतात आणि आतला जीव खातात. त्या कामाला कधी काही तास लागतात, कधी दिवस. पेशन्स बघा.

तिची सगळी आयुधं एका बादलीत होती. मापं घ्यायला व्हर्नियर कॅलिपर, पिशव्या, पेन्सिल आणि पाण्याने न भिजणारी वही. प्रत्येक शंखाची लांबी मोजायची, ठरलेल्या साइजचेच घ्यायचे, बाकीचे होते तिथेच परत ठेवायचे. ‘साइज का?’ मी विचारलं. ‘कारण मोठी म्हणजे वयस्कर. दहा वर्षं नोकरी केलेल्याचा पीएफ आणि तुझा पीएफ कम्पेअर करशील का?’ माझा पीएफच नाहीये, पण मुद्दा कळला.

बाटली आणि डायरी

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न माझ्याही मनात आला. समुद्राच्या पाण्यात धातू किती हे बघायचंय ना? मग बाटलीभर पाणी घ्या आणि तपासा. गोगलगायीच्या मागे कशाला लागायचं?

तिने हातातली पाण्याची बाटली वर धरली. ‘हे पाणी सहा तासांपूर्वी इथे नव्हतं. सहा तासांनी इथे नसेल. समज एखाद्या कारखान्याने काल रात्री नाल्यातून काहीतरी सोडलं आणि आज सकाळी मी सॅम्पल घेतलं, तर मला काहीच सापडणार नाही. पण ही बाई,’ तिने बोटाने नेरिटाच्या पाठीवर टकटक केलं, ‘ही काल रात्री इथेच होती. गेल्या पावसाळ्यातही इथेच होती.’

म्हणजे बाटली हा एक फोटो आणि गोगलगाय ही डायरी. गोगलगाय फार लांब जात नाही, सहज सापडते, वर्षानुवर्षं जगते आणि धातू बराच सहन करते. अन्नातून, पाण्यातून जे आत येतं त्यातलं बरंच काही शरीरात साठतं. पाण्यात जे प्रमाण मशीनलाही धड पकडता येणार नाही इतकं कमी असतं, तेच तिच्या मांसात कित्येक पट होऊन बसलेलं असतं. जगभर याच विचाराने समुद्रातले प्राणी पहारेकरी म्हणून वापरतात. एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ‘मसल वॉच’ची कल्पना मांडली, म्हणजे शिंपल्यांवर नजर ठेवून किनाऱ्याची तब्येत ओळखायची. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे ते पाण्याची गोष्ट सांगतात. शेवाळ खाणारी गोगलगाय खडकाची गोष्ट सांगते. मांसाहारी गोगलगाय तिने खाल्लेल्यांचाही हिशेब ठेवते.

साठतं कुठे? मुख्यतः पचनग्रंथीत. शरीरात मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं रोजचं काम जस्त आणि तांबं सांभाळण्याचं. पण कॅडमियम हे जस्ताच्या जवळचं भावंड. ते आलं की ही प्रथिनं त्यालाही पकडून ठेवतात, म्हणजे ते मोकळं फिरून नुकसान करणार नाही. शिसं कॅल्शियमची नक्कल करतं, त्यामुळे ते शंखातही शिरू शकतं. तांब्याची गंमत वेगळीच. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला लोह असतं, गोगलगायीच्या रक्तात तांबं. म्हणून तिचं रक्त निळसर. आता सांगा, खानदानी कोण! पण त्यामुळेच तिच्या अंगात तांबं सापडलं की लगेच ‘प्रदूषण, प्रदूषण’ असं ओरडता येत नाही. तिला स्वतःलाही ते लागतं. जास्तीचं किती, ते स्वच्छ किनाऱ्यावरच्या तिच्या बहिणींशी तुलना करूनच ठरवावं लागतं.

बादलीतल्या शंखांना आधी एक दिवस स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे पोटातली वाळूमाती बाहेर पडते. नाहीतर आपण गोगलगायीऐवजी चिखल मोजू. मग मांस वेगळं काढायचं, वाळवायचं, पूड करायची, नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवायची आणि मशीनमध्ये घालायची. प्रत्येक धातू ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो, त्यावरून तो कोणता आणि किती ते कळतं. ‘दिवसभर भांडी घासते मी,’ मैत्रीण म्हणाली. काचेच्या भांड्यावर राहिलेला जरासा धातूही सगळा आकडा बिघडवू शकतो. पीएचडीचं ग्लॅमर संपलं.

प्लिमथच्या बायका

उजाडलं तेव्हा समोर, जुवारीच्या मुखापलीकडे, मुरगाव बंदराच्या क्रेन दिसायला लागल्या. बंदर पोर्तुगीजांनी १८८०च्या दशकात बांधायला घेतलेलं. पुढे कित्येक दशकं गोव्यातलं खनिज लोखंड बार्जेसमधून मांडवी आणि जुवारीवरून इथे यायचं आणि इथून जगात जायचं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तोवर हे अखंड चाललं. बार्ज आल्या की त्यांची दुरुस्ती आली, दुरुस्ती आली की गोद्या आल्या, गोद्या आल्या की रंग आला.

थर्मासमधला चहा ओतता ओतता मैत्रिणीने मला या रंगाची गोष्ट सांगितली.

जहाज पाण्यात उभं राहिलं की त्याच्या बुडाला बार्नॅकल, शेवाळ, शिंपले असे सगळे भाडेकरू येऊन चिकटतात. बूड खडबडीत झालं की जहाज जड चालतं आणि इंधन जास्त खातं. ही डोकेदुखी जहाजाइतकीच जुनी. पूर्वी लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. मग १९६०च्या दशकात एक जादूचा रंग आला. त्यात ट्रायब्युटिल टिन, म्हणजे कथिलाचं एक सेंद्रिय संयुग. कथील आपल्या घरातलं. आजीच्या पितळी भांड्यांना कल्हई करायचो, ते कथील. ते साधं कथील निरुपद्रवी. पण या संयुगाचं रूप घेतलं की ते समुद्रात मिसळलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक होतं.

१९७० मध्ये इंग्लंडच्या प्लिमथजवळ स्टीफन ब्लेबर या संशोधकाला डॉगव्हेल्क जातीच्या गोगलगायींमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. माद्यांना उजव्या शिंगामागे नराचा अवयव फुटला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ यांना दुसऱ्या जातीत हेच दिसलं आणि त्यांनी या प्रकाराला नाव दिलं, ‘इम्पोसेक्स’. लादलेलं लिंग. बंदराजवळ आणि बोटी उभ्या राहतात तिथे हे जास्त, लांब गेलं की कमी. कारण कळायला मात्र दशक गेलं. ब्रायन आणि गिब्स यांनी १९८६ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या गोगलगायींच्या ऱ्हासाचा पुरावा मांडला. आरोपी होता बोटींचा रंग.

ऐकायला विनोदी वाटतं, मलाही सुरुवातीला हसू आलं. पण पुढचं ऐका. मादीच्या शरीरात नराची नळी वाढत जाते आणि अंडी बाहेर पडायची वाट बंद होते. अंडी आतच राहतात आणि शेवटी ती मरते. डॉगव्हेल्कची पिल्लं पाण्यावर तरंगत लांबून येत नाहीत, अंड्यातून निघून तिथेच सरपटतात. त्यामुळे एका खाडीतल्या माद्या गेल्या की खाडी रिकामी, आणि ती पुन्हा भरायला वर्षानुवर्षं लागतात. हे सगळं सुरू व्हायला विष किती लागतं? एक लिटर पाण्यात ग्रॅमचा साधारण एक अब्जावा भाग. ऑलिम्पिकच्या अख्ख्या स्विमिंग पूलमध्ये साखरेचे जेमतेम काही दाणे टाका, तेवढं.

त्याच काळात फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती कोलमडली. कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली, पिल्लं धरेनात. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग बंद केला, ब्रिटनने १९८७ मध्ये. जगभरासाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला.

‘आणि इथे?’ मी विचारलं.

इथे १९९९ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विश्वकिरण आणि अनिल यांनी भारतीय पाण्यातली इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. जागा मुरगाव बंदराचा परिसर. गोगलगायीचं नाव क्रोनिया कोंकणेन्सिस.

कोंकणेन्सिस. म्हणजे कोकणातली. आमच्यातलीच.

वास्को, दुपार

कुठ्ठाळीचा पूल ओलांडून वळसा घालून वास्कोला पोचले, तेव्हा मामीने सुंगटांची आमटी केली होती आणि मामा दारात वाट बघत उभा होता.

मामाबद्दल थोडं सांगायला हवं. तो मूळचा मालवणकडचा. विशीत गोव्याला आला आणि जुवारीकाठच्या एका गोदीत लागला. काम बोटींची बुडं रंगवायचं. आधी घासून जुनं सगळं खरवडायचं, मग प्रायमर, मग रंगाचे हात. २६ वर्षं केलं त्याने हे. बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. माझ्या मास कम्युनिकेशनच्या तीन वर्षांची फी मामाने भरली. फीची पावती त्याने अजून कपाटात ठेवलीय, एलआयसीच्या कागदांबरोबर. मी लिहिलेलं जे काही छापून येतं ते तो कात्रण काढून ठेवतो, अगदी ‘दहा बेस्ट ब्रंच’सुद्धा.

‘गोव्याक येवन गोगलगायी बघतंस? तुका शिकयला कित्याक मगे?’ तो हसत म्हणाला.

मी सांगायला लागले. बाटली, डायरी, निळं रक्त. मामाला मजा येत होती. मग प्लिमथपर्यंत आले आणि अडखळले. एक तर मामासमोर ‘नराचा अवयव’ वगैरे बोलायची माझी हिंमत होईना. ‘माद्यांना नराची लक्षणं येतात,’ असं काहीतरी गुळमुळीत बोलले. दुसरं म्हणजे पुढचं वाक्य कसं म्हणायचं तेच कळेना.

त्यानेच विचारलं. ‘खयचो रंग?’

‘टिन असायचं त्यात.’

मामाने भाताचा घास खाली ठेवला. ‘टिनवालो रंग!’ त्याचा चेहरा एकदम उजळला. जुन्या मित्राचं नाव निघाल्यासारखा. ‘तसो रंग परत झालो नाय. पाच वर्सां बोटीच्या बुडाक कायेक चिकटत नाय होता.’ मग तो बराच वेळ त्या रंगाबद्दल बोलत राहिला. हात कसा एकसारखा बसायला हवा, कुठे ओघळ राहिला की मालक कसा ओरडायचा. डब्यावर कवटीचं चित्र असायचं. हातमोजे कधी मिळायचे, कधी नाही. हातांना खाज सुटायची, मग घरी आल्यावर खोबरेल चोळायचं. घासलेला जुना रंग? तो कुठे जायचा? ‘दर्यात. आणि खय?’

हे सांगताना त्याला काही वाटलं नाही आणि मग एकदम वाटलं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

‘म्हंजे आमच्या हातान झाला ता?’

मी म्हटलं, मामा, जगभर तोच रंग होता. कंपन्यांनी विकला, मालकांनी घेतला, सरकारांनी उशिरा बंद केला. सगळं खरंच होतं. तरी ते माझ्याच कानाला प्रेस नोटसारखं लागत होतं.

‘आमका कोणी सांगूक नाय,’ तो म्हणाला आणि जेवायला लागला. मामीने त्याच्या ताटात न विचारता आणखी आमटी वाढली.

त्या दुपारी मला झोप लागली नाही. त्या रंगाच्या पैशातून माझी डिग्री झाली होती आणि त्या डिग्रीच्या जोरावर मी त्याला ही बातमी द्यायला आले होते. पत्रकारितेच्या क्लासमध्ये सोर्सशी कसं बोलायचं ते शिकवतात. सोर्स मामा असला तर काय करायचं, ते कुठल्याच लेक्चरला नव्हतं.

रविवार, सड्याखालचे खडक

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचं सॅम्पलिंग वास्कोच्याच बाजूला होतं. तिला बंदराजवळची जागा आणि लांबची जागा, दोन्हींची तुलना करायची असते. मी पाच वाजता उठले तर मामा हाफपँट घालून, टॉर्च घेऊन तयार.

‘सुकती किती वाजता?’ त्याने विचारलं. ओहोटीला तो सुकतीच म्हणतो.

सड्याच्या टेकडीवर जपानी गार्डन आहे. वास्कोकर संध्याकाळी सूर्यास्त बघायला जातात तिथे. आम्ही टेकडीवरून किनाऱ्याकडे उतरलो, मामा गुडघा धरत धरत. पलीकडे बंदराच्या बाहेर नांगर टाकलेल्या जहाजांचे दिवे लुकलुकत होते. मामाने सवयीने एकेका जहाजाच्या बुडाकडे बघितलं. पाण्याच्या रेषेवरचा लाल पट्टा उजेडात यायला अजून वेळ होता.

मैत्रिणीने त्याला कॅलिपर धरायला दिला. तो तिला गोदीतलं सांगत होता, ती त्याला शंखांचं. जुना रंग घासल्यावरचे कण गाळात बसतात आणि तळच्या हवा नसलेल्या गाळात ते विष वर्षानुवर्षं टिकतं, तळ उपसला की पुन्हा वर येऊ शकतं, हे तिने त्याच्यापासून लपवलं नाही. आजच्या बहुतेक रंगांमध्ये मुख्य विष तांब्याचं असतं आणि त्याच्या जोडीला घालायची काही रसायनंही आता आक्षेपार्ह ठरताहेत, हेही सांगितलं. त्यातल्या सायब्युट्रिनवर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. म्हणजे गोगलगायींची ड्युटी संपलेली नाही.

‘पण तिकडे, इंग्लंडात?’ मामाने विचारलं. ‘त्यो बऱ्यो झाल्यो?’

झाल्या, ती म्हणाली. बंदीनंतर कित्येक किनाऱ्यांवर डॉगव्हेल्क परत आल्या. इम्पोसेक्सचं प्रमाण घटत गेलं. ज्या गोगलगायींनी विष दाखवलं, त्यांनीच ते कमी झाल्याचंही दाखवलं. हे कळायला दुसरं कुठलंही मशीन इतकं स्वस्त पडलं नसतं.

मामा काही बोलला नाही. तो खडकांच्या फटींमध्ये टॉर्च मारत पुढे सरकत राहिला. मग एका कपारीशी थांबला आणि आम्हाला हाक मारली.

खडकाच्या खालच्या बाजूला, सावलीत, पिवळसर पांढऱ्या बारीक कुप्या चिकटल्या होत्या. तांदळाच्या दाण्यांएवढ्या, एकमेकींना खेटून, उभ्या. मी आधी बुरशी समजले. मैत्रीण गुडघ्यांवर बसली, टॉर्च जवळ नेला आणि हसली.

‘अंड्यांच्या कुप्या आहेत, काका. कुठल्यातरी शंखिणीने घातल्यात.’

लगेच तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. एका दगडावरून काही सिद्ध होत नाही, कुठल्या जातीच्या आहेत ते बघावं लागेल, किती माद्या निरोगी आहेत ते मायक्रोस्कोपखाली मोजावं लागेल, वगैरे. तिने फोटो काढला, वहीत जागा लिहिली. कुप्यांना हात लावला नाही.

मामा तिथेच उकिडवा बसून राहिला. त्या गुडघ्यांनी इतका वेळ बसणं त्याला जड जात असणार. पलीकडे उजाडत होतं आणि भरतीचं पाणी खडकांच्या पायथ्याशी चुळबुळ करायला लागलं होतं. मी वाकून फोटो काढावा म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, तसा त्याने न बघता हात आडवा धरला.

‘पाय बघून ठेव गो बाय,’ तो म्हणाला. ‘पोरां असत थंय.’

तुम्हालाही जायचंय?

कधी : ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात खडकांवर अजिबात नको. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस गाठा आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा.

कसं : मुंबईहून रात्रीची कोकणकन्या, मडगावला उतरून वास्को किंवा पणजीची बस.

कुठे : दोना पावला जेट्टीच्या आसपासचे खडक सोपे. हणजुणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला भरपूर काही दिसतं. बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

काय न्यायचं : चांगली पकड असलेले सँडल, टॉर्च, पाणी. फ्लिप-फ्लॉप घालून गेलात तर आधी तुम्ही घसराल, मग मोबाइल.

काय आणायचं : फोटो. शंख रिकामा दिसला तरी त्यात बहुतेक कुणीतरी राहत असतं. आणि दगड उलटून बघितलात, तर होता तसा परत ठेवा.